पंधरा प्रश्न

"बॅनर आणखी वर घ्या! महाविद्यालयाचं नाव झाकलं जातंय!"

बुरूड आळीच्या तोंडाशी भर उन्हात उभी राहून मी ओरडत होते, आणि माझे सत्तावीस विद्यार्थी बॅनर कुठे बांधायचा यावर वाद घालत होते. डावीकडे विजेचा खांब होता. उजवीकडे काहीच नव्हतं, म्हणून हर्षवर्धनने भिंतीला टेकून ठेवलेल्या लांबलचक हिरव्या बांबूलाच दोरी आवळली.

"तेवढा बांबू सोडा, पोरांनो," पलीकडच्या उंबऱ्यावरून एक म्हातारी म्हणाली. मांडीवर अर्धं विणलेलं सूप होतं आणि हात थांबले नव्हते. "तिरडीचा हाय त्यो. मानसं येतील आता न्यायला."

हर्षवर्धनने बांबू असा सोडला की तो माझ्या डोक्यावरच यायचा. मग त्याने खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि हात चोळचोळ चोळले. मुलं खिदळली. "हर्ष्या, आता घरी जाऊन आंघोळ कर," कुणीतरी म्हणालं. म्हातारीने मान वर करून बघितलं आणि पुन्हा सुपात घातली. मी मुलांवर डाफरले, पण तेही वेळ चाललाय म्हणून.

त्या वर्षी विद्यापीठाने समाजसहभागाचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सगळ्या महाविद्यालयांच्या गळ्यात बांधला होता. मुलांनी समाजात जावं, लोकांचे प्रश्न समजून घ्यावेत, अभ्यासाचा उपयोग गावाला व्हावा. कल्पना चांगलीच होती. पण आमच्या महाविद्यालयात कल्पना आली की तिच्या मागे आधी बॅनर येतो, मग फोटोग्राफर येतो, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, काम येतं. मी अर्थशास्त्र शिकवायची. प्राचार्य इनामदार सरांनी मला बोलावून सांगितलं, "घाटगे मॅडम, तुमचा आवाज मोठा आहे, हे तुम्हीच घ्या." ही माझी पात्रता.

आणि त्यात एक मुलगी गैरहजर. स्वप्नाली सूर्यवंशी. हजेरीपटावर अठ्ठावीस नावं, समोर सत्तावीस डोकी. आळीची पाहणी करायला आम्ही एकदा आलो होतो तेव्हाही ती नव्हती. मी तिथेच उभ्या उभ्या तिच्या नावापुढे शून्य टाकलं आणि पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

माझा राग नुसत्या गैरहजेरीचा नव्हता. आठवड्यापूर्वी वर्गात आम्ही प्रश्नावली तयार करत होतो. मुलांनी प्रश्न सुचवायचे आणि मी निवडायचे. बहुतेकांनी मोबाइलवरून उतरवून आणले होते. स्वप्नालीने मात्र वहीचं एक पान भरून दिलं. तुमचा बांबू किती फुटांचा असतो? तो भिजत कुठे घालता? कामट्या काढायला किती मोकळी जागा लागते? उन्हात किती दिवस वाळवता? तिरडीचं सामान न्यायला लोक कुठून आणि कोणत्या वेळी येतात? असे आठ प्रश्न.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"प्रश्न आहेत, मॅडम."

"ते दिसतंय मला. आपण सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण करतोय, सुतारकाम शिकत नाही. बांबूची लांबी घेऊन मी काय करू?"

"मॅडम, त्यांचं काम जागेवर असतं. म्हणजे, जागा जर—"

"विद्यापीठाच्या नमुन्यात पंधरा प्रश्न बसतात. पंधरा. तुझे आठ घेतले तर उत्पन्न, शिक्षण, शौचालय कुठे घालू?"

मी लाल पेनने पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'विषयाशी संबंध नाही'. एवढे बारीक प्रश्न सुचवणारी मुलगी प्रत्यक्ष कामाच्या दिवशी घरी झोपते, याचा मला संताप आला होता. बोलायला पुढे आणि करायला मागे, असं मी तिच्याबद्दल मनाशी ठरवून टाकलं होतं.

आळीत एकतीस घरं होती. दोन तासांत सगळी उरकली. मुलं दारात उभी राहायची, पंधरा प्रश्न धडाधड वाचायची, मोबाइलवर खुणा करायची आणि पुढच्या दाराला. एकोणिसावं घर त्या सुपाच्या म्हातारीचं निघालं. तिथे हर्षवर्धन जाईना. मी कपाळावर हात मारला आणि त्याला ओढतच नेलं.

म्हातारीचं नाव हौसाबाई, आळीत सगळे हौसाक्का म्हणायचे. तिने आधी आम्हाला पाणी दिलं. हर्षवर्धनने तांब्या हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. मी प्यायले.

"घरात किती जण?"

"चौघं. मी, ल्योक, सून, नात."

मागच्या खोलीच्या दारावरचा पडदा हलला. "आत कोण आहे?" मी विचारलं.

"नात हाय. अंगात कणकण हाय तिच्या, निजलीया."

मी पुढे गेले. उत्पन्न, शिक्षण, शौचालय, बँकेतलं खातं. बाराव्या प्रश्नाला हर्षवर्धनने तोंड उघडलं. तो प्रश्न नगरपरिषदेच्या विनंतीवरून घातला होता, कारण या प्रकल्पाला त्यांचं सहकार्य होतं. "आपल्या व्यवसायासाठी पक्का गाळा मिळाल्यास आपण तिथे जाण्यास तयार आहात काय? हो की नाही?"

"पक्का म्हंजी?"

"म्हणजे सिमेंटचा, आजी. छप्पर, शटर, वीज. हो म्हणा."

"बरं. हो." मग तिने माझ्याकडे बघितलं. "बाई, ह्ये सगळं लिवून हुनार काय?"

"तुमचा फायदाच होईल," मी म्हणाले. घड्याळात साडेबारा वाजले होते आणि अजून बारा घरं राहिली होती.

अहवाल फेब्रुवारीत तयार झाला. बाराव्या प्रश्नाचा गोल आलेख बघण्यासारखा होता. अख्खा गोल एकाच रंगाचा. शंभर टक्के कारागीर पक्क्या गाळ्यात जाण्यास उत्सुक. इनामदार सर इतके खूश झाले की त्यांनी अहवाल विद्यापीठाच्या पुरस्कारासाठी पाठवला आणि एक प्रत स्वतःच्या हाताने नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना नेऊन दिली. अर्थात फोटोसह. अहवालाच्या शेवटच्या पानावर सही माझी होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हौसाक्का सहा-सात बायकांना घेऊन थेट आमच्या विभागात आली. शिपाई अडवत होता, पण ती त्याच्या बाजूने निघून माझ्या टेबलापाशी उभी राहिली. हातात नगरपरिषदेची नोटीस होती.

"तुमी आमच्या नावानं काय लिवलंय, ते वाचून दावा."

मी आधी नोटीस वाचली. बसस्थानकामागे बांधलेल्या नव्या व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर आळीतल्या एकतीस कुटुंबांना एकतीस गाळे, प्रत्येकी आठ बाय आठ. आळीच्या जागेवर संकुलासाठी वाहनतळ. हरकत असल्यास पंधरा दिवसांत सुनावणी. आणि संदर्भ क्रमांक दोन म्हणून आमच्या महाविद्यालयाचा अहवाल.

"आता तुमचं वाचा," हौसाक्का म्हणाली.

मी अहवाल काढला. बाराव्या प्रश्नाचं पान उघडलं आणि वाचलं. शंभर टक्के हा आकडा मोठ्याने उच्चारताना मला घाम फुटला.

"ह्ये आमी कवा म्हनलं?"

"तुम्ही हो म्हणालात ना, आक्का? मी समोरच होते."

"पक्का गाळा देनार म्हनल्यावर न्हाई कोन म्हनंल? आमाला वाटलं, हितंच वर छप्पर घालून देत्याल. माडीवर जायचं कुनी इचारलं? वीस फुटाचा बांबू माडीवर न्यायचा कसा? भिजवायचा कुटं? फोडायचा कुटं? आठ बाय आठात निस्तं कोयता उगारला तरी भित्ताड लागंल."

"आनि तिरडी?" मागची एक बाई म्हणाली. "ज्याच्या घरात मयत हाय, त्यो माडी चढून येनार व्हय? खालच्या कपड्याच्या दुकानावरनं तिरडीचं बांबू उतरवू देनार का ती शेटलोकं? दुसऱ्या दिवशी हाकलून देत्याल आमाला."

हे सगळे प्रश्न मी आधी कुठेतरी वाचले आहेत, असं वाटत राहिलं.

"आमची स्वप्नी म्हनलीच हुती," हौसाक्का बायकांकडे वळून म्हणाली. "कालेजातल्या बाईंनी ह्येच प्रश्न खोडून टाकलं म्हनून."

"कोण स्वप्नी?"

"माझी नात की. तुमच्याच वर्गात हाय. स्वप्नाली."

सूर्यवंशी हे आडनाव आमच्या भागात कुणाचंही असू शकतं. मी कधी विचार केला नव्हता, तिच्या वर्गातल्या मुलांनीही केला नसावा. पडद्यामागे निजलेली नात, हजेरीपटावरचं शून्य, लाल रेघ. मी टेबलाची कड धरून बसून राहिले. बायका गेल्या तेव्हा शिपायाने विचारलं, "मॅडम, पाणी देऊ?" मी त्याच्यावर खेकसले.

इनामदार सरांकडे गेले तर त्यांनी दोन्ही हात वर केले. "मॅडम, अहो, पुरस्काराची अंतिम यादी पुढच्या आठवड्यात आहे. तुम्ही आत्ता अहवाल चुकीचा म्हणताय?"

"चुकीचाच आहे, सर."

"आकडे चुकलेत का?"

"आकडे बरोबर आहेत. प्रश्न चुकलेत."

"मग आकडे बरोबर आहेत ना!" असं म्हणून त्यांनी फाइल बंद केली. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी घातला. अर्धा तास घातला. शेवटी ते वैतागून म्हणाले, "जा, सुनावणीला जा. पण मुलांना घेऊन जा, म्हणजे निदान नागरी शिक्षणाचा उपक्रम म्हणून दाखवता येईल. आणि फोटोग्राफर न्या."

दुसऱ्या दिवशी मी स्वप्नालीला विभागात बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"ये, बैस. मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय, मॅडम?"

"तू त्या आळीत राहतेस ते. तुझे प्रश्न मी मूर्खासारखे खोडले. तू एक शब्द बोलली असतीस तर ही वेळ आली नसती."

तिने दार लोटून घेतलं. "मॅडम, वर्गात कुणाला माहीत नाही. मी बाजारपेठेत राहते असं सांगितलंय. पहिल्या वर्षी एकीला कळलं होतं, ती माझ्या डब्यातलं खाईना. म्हणाली, तुझ्या घरात तिरडी बांधतात. मग मी तुकडी बदलून घेतली."

"अगं, पण त्यात लाजण्यासारखं काय आहे?" मी म्हणाले. "हाताची कला आहे. अभिमानाने सांगायला हवं तू."

माझं आडनाव घाटगे. असं म्हणायला मला काय जात होतं?

मी माझ्याच भरात होते. सुनावणीत काय सांगायचं, कुणी कुणी बोलायचं, हे सगळं मी तिला भराभर ऐकवलं. "मी सगळं खरं सांगणार आहे. माझी चूक सगळ्यांसमोर कबूल करणार. अगदी पहिल्यापासून. कळलं?"

"मॅडम, पण एक..."

"आता पण नाही आणि बिण नाही. मला आधीच फार उशीर झालाय. तू सुनावणीला ये. या वेळी दांडी मारलीस तर बघ."

ती खाली मान घालून उभी राहिली. मला वाटलं, तिला पटलं.

सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात होती, तेही दुसऱ्याच मजल्यावर. एका बाजूला आळीतली माणसं, दुसऱ्या बाजूला माझी मुलं, समोर मुख्याधिकारी, आणि मधे आमचा फोटोग्राफर कोन शोधत फिरत होता. स्वप्नाली आली होती. मुलांच्या घोळक्यात शेवटच्या रांगेत बसली होती आणि एकदाही आपल्या आजीकडे बघत नव्हती. आजीही तिच्याकडे बघत नव्हती. दोघींचं ते आपसात ठरलेलं असणार. मी ते पाहिलं, आणि पाहून सोडून दिलं.

मुख्याधिकारी तरुण होते, आवाज गोड होता. "सर्वेक्षणात तुम्ही सगळ्यांनी संमती दिलेली आहे. आता तुम्हीच नाही म्हणता. प्रशासनाने समजायचं काय?"

हौसाक्का उठली. "सायेब, आमाला बोलता येत न्हाई. आमी एक बांबू आनलाय. खाली हाय. त्यो तेवढा हितं वर आनून दावा. आमी उद्याच्याला गाळ्यात जातो."

सभागृहात हशा पिकला. मुख्याधिकारीही हसले आणि त्यांनी दोन शिपायांना पाठवलं. आम्ही सगळे जिन्याच्या तोंडाशी जमलो. शिपाई वीस फुटी ओला बांबू घेऊन चढू लागले. पहिल्या वळणाला मागचं टोक भिंतीत आणि पुढचं टोक कठड्यात अडकलं. त्यांनी बांबू उभा केला, तर छताला लागला. तिरका केला, तर खिडकीची काच गेली. आमचा हर्षवर्धन मदतीला धावला आणि त्याने या वेळी बांबू घट्ट धरला, हेही सांगायला हवं. आठ-दहा जणांनी पंधरा मिनिटं झटापट केली. सगळ्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी एक शिपाई जिन्यात बसला आणि म्हणाला, "सायेब, कापावा लागंल."

"कापला की त्यो बांबू न्हाई, सरपन," हौसाक्का म्हणाली.

मुख्याधिकारी हसायचे थांबले. जागेवर जाऊन बसले आणि समोरच्या कागदावर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मग म्हणाले, "गाळे या व्यवसायाला योग्य नाहीत असं प्रथमदर्शनी दिसतंय. महाविद्यालयाचं याबाबत काय म्हणणं?"

खरं म्हणजे आळीचं काम तिथेच झालं होतं. आमचा अहवाल अपुरा होता, आम्ही तो मागे घेतो, एवढं दोन वाक्यांत सांगून मी खाली बसले असते तरी चाललं असतं. पण मी पंधरा दिवस आतल्या आत जळत होते. इनामदार सरांवर, नमुन्यावर, बॅनरवर, स्वतःवर. मला नुसतं चुकलं म्हणायचं नव्हतं. माझी चूक किती मोठी होती हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं.

"साहेब, हा अहवाल चुकीचा आहे आणि त्याला मी जबाबदार आहे," मी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाले. "आत्ता या जिन्यात जे दिसलं, ते विचारणारे प्रश्न आमच्याकडे आधीपासून होते. माझ्याच एका विद्यार्थिनीने ते लिहून दिले होते आणि मी ते खोडले. तिला ते सुचले, कारण ती याच आळीतली आहे. हौसाबाईंची नात आहे. ती इथेच बसलीय. स्वप्नाली, उभी राहा."

सत्तावीस माना मागे वळल्या.

स्वप्नाली उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या. आधी मी एकटीच वाजवत होते, मग मुख्याधिकाऱ्यांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. हर्षवर्धनने सगळ्यात जोरात वाजवल्या. फोटोग्राफरला त्याचा कोन सापडला. फक्त हौसाक्काचे हात मांडीवर तसेच होते. मला वाटलं, म्हातारीला भरून आलं असेल.

आळी वाचली. नोटीस मागे घेतल्याचं पत्र आठ दिवसांत आलं. वाहनतळ दुसरीकडे गेला. मी त्या दिवसांत अगदी हवेत होते. प्राध्यापकी सुरू केल्यापासून आपण पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं केलं, असं मी घरी दहा वेळा सांगितलं असेल.

आणि इनामदार सर काय स्वस्थ बसणार? त्यांनी अहवालाला सुनावणीचं एक प्रकरण जोडायला लावलं आणि पुरस्कार मिळवलाच. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मी महाविद्यालयात आले तर प्रवेशद्वारावर दहा फुटी फलक. 'उत्कृष्ट समाजसहभाग प्रकल्प'. खाली सरांचा फोटो, माझा फोटो, आणि मधोमध, आमच्या दोघांपेक्षा मोठा, स्वप्नालीचा सुनावणीतला फोटो. तिच्या हातात संगणकावर जोडलेलं एक सूप. खाली अक्षरं: 'बुरूड समाजाची कन्या, आमच्या महाविद्यालयाची शान'.

मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत घुसले. "सर, हे आधी काढा."

"का? तुमचा फोटो लहान आलाय का?"

"तिला विचारलंत का?"

"मॅडम, अहो, तुम्हीच तर भर सभेत तिचा सत्कार केलात! आता फलकाला काय हरकत?"

आयुष्यात इनामदार सरांपुढे माझी बोलती त्या एकाच वेळी बंद झाली. फलक उतरवायला मला दोन दिवस भांडावं लागलं. तोवर सगळ्या गावाने तो बघितला होता. वर्गात स्वप्नालीला कुणी वाईट बोललं नाही म्हणे. उलट सगळे फार चांगले वागू लागले. मुली तिला मुद्दाम डबा मागायच्या आणि सगळ्यांच्या देखत एकेक घास खायच्या. हर्षवर्धनच्या गटाने तर तिच्या घरावर लघुपट करायचं ठरवलं.

परीक्षा संपल्यावर तिसऱ्या दिवशी ती विभागात आली. हातात महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज होता. मार्गदर्शक शिक्षकाची सही लागायची, आणि तिची मार्गदर्शक मी होते. शेवटचं वर्ष ती मिरजेला मामाकडे राहून करणार होती. कारणाच्या रकान्यात तिने 'घरगुती' असं लिहिलं होतं.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "खरं कारण लिही. फलकाचं लिही. मी स्वतः विद्यापीठापर्यंत नेते."

"खरं लिहिलं तर अर्ज अडकेल, मॅडम. चौकशी लागेल, परत सगळ्यांसमोर बोलवतील. तिकडचे प्रवेश शनिवारी बंद होतायत."

"स्वप्नाली, अगं, पण आळी वाचली ना?"

"वाचली की. आज्जी तुमचं नाव काढते." तिने चेहरा पुसला. रडत नव्हती, घाम होता. "बांबू अडकला तेव्हाच वाचली होती, मॅडम. माझं नाव नंतर घेतलंत तुम्ही."

"मी तुला आधी सांगितलं होतं, की मी सगळं खरं—"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "विचारलं नव्हतं."

खोलीतला पंखा कुरकुरत होता आणि मला त्याचा भयंकर राग आला. कुणाचा तरी राग यायलाच हवा होता. मी पेन काढलं. तिला थांबवण्यासाठी काहीतरी म्हणावं म्हणून शब्द शोधले, तर जे जे सुचलं ते सगळं मी ठरवलेलंच होतं, तिच्यासाठी, तिच्या भल्याचं. मी सही केली.

तिने अर्ज उचलला, वरपासून खालपर्यंत तपासला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, तारीख राहिली."

मी तारीख घातली.